सहजच आलो होतो

पुणे, १० जून २००२

प्रिय आत्या,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर पाहून तू म्हणशील, या पोट्ट्याला आज आत्या कशी आठवली. फोन केला असता, पण तुमच्या चौबे कॉलोनीतला फोन सारखा मेलेला असतो, आणि लागलाच तर तू 'बिल चढते, ठेव' म्हणून दोन वाक्यांत उरकतेस. पत्रात तू मोकळी असतेस.

मी सध्या कॉम्प्युटरवरचे खेळ तयार करणाऱ्या एका कंपनीत आहे. कंपनी म्हणजे कोथरूडमधला एक फ्लॅट, त्यात आम्ही काही पोरं आणि चारुदत्त नावाचा साहेब. माझं काम चित्रं काढायचं नाही, गोष्ट रचायचं. सध्याचा खेळ असा, की एका साध्यासुध्या शहरावर परग्रहावरचं यान येतं आणि नुसतं थांबून राहतं. हल्ला नाही, धमकी नाही. त्यातले पाहुणे अधूनमधून खाली उतरतात, काहीबाही बोलतात, काहीतरी देऊन परत जातात. खेळणारा माणूस त्या शहराचा मुखिया असतो. हे लोक आलेत कशाला, ते त्याने ओळखायचं. ओळखलं तर शहर वाचलं.

अडचण ही, की त्यांचा छुपा हेतू मलाच सापडत नाहीये. बाहेरच्या देशांतले असे खेळ आम्ही ढिगाने पाहिले. कुणी पाण्यासाठी येतं, कुणी खनिजासाठी, कुणी माणसं पळवायला. चारुदत्त म्हणतो, हे शिळं झालं, काहीतरी घरचं आण.

तेव्हा मला तुझी वरची खिडकी आठवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत रायपूरला आलो की आपण दोघं तिथे बसून गल्लीतून तुमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांवर पैज लावायचो, हा कशाला आला असेल? तू सांगायचीस, आपल्या लोकांत कुणी आल्या आल्या काम सांगत नाही. आधी 'सहजच आलो होतो', मग चहा, मग तब्येती, आणि खरं काम निघतं ते उठून चपला घालताना. मग आपण जिन्यावर कान लावून बसायचो, आणि दर वेळी तूच जिंकायचीस.

तर आता सांग, ते यानातले लोक कशाला आले असतील?

तुझा,
नील

*

रायपूर, २४ जून २००२

चि. नीलला अनेक आशीर्वाद.

दोन वर्षांनी पत्र आलं आणि शेवटी शेवटी काम निघालं. म्हणजे तूही चपला घालतानाच बोललास. चला, शिकवलेलं वाया गेलं नाही.

तुझे ते परग्रहवासी कशाला येतील? एक तर त्यांच्याकडे कुणा म्हाताऱ्याचं सुनेशी पटत नसेल. नाहीतर मुलीसाठी स्थळ पाहत असतील आणि पत्रिका जुळते का ते बघायला थांबले असतील. उकाड्याला कंटाळून आले म्हणावं, तर जूनमध्ये रायपूरला कोण येईल? अजून काही सुचलं तर कळवीन.

बाकी, यानं उतरायची म्हणशील तर इथे रोजच उतरतात. छत्तीसगडची राजधानी झाल्यापासून अख्खी ऑफिसं भोपाळहून आली, आणि माणसांना राहायला जागा नाही. तुझे काका गेल्यापासून माझा वरचा मजला रिकामा आहे हे साऱ्या शहराला कळलंय. काका वारले तेव्हा ज्यांनी दारात पाऊल टाकलं नाही, ते आता येऊन 'दीदी, आप अकेली कैसे रहती हैं' म्हणून हळहळतात आणि निघताना विचारतात, ऊपर कितने कमरे हैं. मी कुणाला दाद देत नाही. मला डोक्यावर परक्यांचे पाय वाजायला नकोत.

एकच पाहुणा अजून मला ओळखता आलेला नाही. देवीदासजी घाटे, काकांबरोबर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते, तुला आठवत असतील. उंच, वाकलेले. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून पुरानी बस्तीत आहे. मागच्या वर्षी त्यांची बायको अंजनाबाई गेली, तेव्हा मी भेटून आले होते. होळीनंतर एका गुरुवारी ते आले. 'सहजच आलो होतो वहिनी, इकडून जाऊन राहिलो होतो.' पुरानी बस्तीतून कुठे जाताना चौबे कॉलोनी वाटेत लागते, ते त्यांनाच ठाऊक. तेव्हापासून दर गुरुवारी येतात. कधी आंबे आणतात, कधी जांभळं. व्हरांड्यात बसतात, चहा घेतात, मग म्हणतात, 'पेपर आला का नागपूरचा? वाचा न वहिनी थोडा, मी चष्मा इसरलो.' मी वाचते. मथळे नाही चालत, पूर्ण बातमी लागते, वर श्रद्धांजल्यासुद्धा. आणि नील, चष्म्याचं डबडं त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतं. मी डोळ्यांनी पाहिलंय.

निघताना बूट घालायला इतका वेळ लावतात, की मी म्हणते, आता निघेल काम. नाडी बांधतात, सोडतात, परत बांधतात. 'बरं मंग, येतो,' म्हणतात आणि जातात. इतका धीराचा माणूस म्हणजे काम मोठंच असणार.

जेवत जा वेळेवर.

तुझी,
मंदाआत्या

*

पुणे, ८ जुलै २००२

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं. चारुदत्त खुर्चीतून उठला आणि म्हणाला, हाच आपला एलियन. चष्मा खिशात ठेवून 'वाचून दाखवा' म्हणणारा पाहुणा आम्हाला सात जन्मांत सुचला नसता.

आता आमच्या खेळातले पाहुणेही तेच करतात. खाली उतरतात, शहरातल्या कुणाला तरी हातातला कागद वाचायला लावतात आणि मान डोलावत ऐकतात. शहरात कुजबूज सुरू होते, की आपली माहिती काढतायत. मी देवीदासजींच्या हेतूंचा विचार करत बसतो आणि तेच यानातल्यांना लावतो. माझा अंदाज असा: फळं आणतात म्हणजे तुझा भिडस्तपणा वाढवतायत. फुकटचं खाल्लेलं माणूस नाही म्हणू शकत नाही. पेपर वाचून घेतात म्हणजे तेवढा वेळ घरात बसायला कारण मिळतं, घरात कोण येतं जातं ते कळतं. बुटाची नाडी म्हणजे हिंमत गोळा करणं. वरचा मजला हवाय त्यांना, स्वतःला नाही तर कुणासाठी तरी.

एक करून बघ ना. सहज सांग, की वरच्या खोल्या भाड्याने देतेय, आणि तोंडाकडे बघ. खेळात आम्ही याला आमिष म्हणतो.

लवकर लिही. तुझ्या पत्रावर आमचा पुढचा भाग अडलाय.

नील

*

रायपूर, २ ऑगस्ट २००२

चि. नील,

आशीर्वाद. आमिष टाकलं.

काल भुट्टे घेऊन आले होते. मी शेगडीवर भाजत भाजत म्हटलं, 'देवीदासजी, वरच्या खोल्या देऊन टाकाव्या म्हणून राहिले मी.' कणसाचे दाणे सोलत होते, ते थांबले. म्हणाले, 'कोनाले?' मी म्हटलं, पाहू, भोपाळचे कुणी साहेब आहेत. तर म्हणतात, 'मराठी हाय का कोनी?' मी म्हटलं, काय माहीत. मग कणीस तसंच खाली ठेवलं. पेपरही वाचू दिला नाही. नंतर म्हणाले, 'वरती येऊन पाहू का एकडाव?' आणि गुडघे धरत धरत जिना चढले. काकांच्या टेबलाजवळ उभे राहिले, खिडकी उघडली, लावली. मी मागे उभी होते. माणूस आपल्या घरात उभा राहून खिडक्या उघडून पाहतो तेव्हा कसं वाटतं ते एकट्या बाईला विचार.

संध्याकाळी शेजारची कुसुम आली. तिला सांगितलं तर म्हणते, 'काकू, तुम्हाले माहीत नाही का? त्यांचा पुतण्या दयाराम प्रॉपर्टीचं काम करते. सदर बाजारात बसते तो.' घे. आणखी काय पाहिजे?

वाईट एकाच गोष्टीचं वाटलं. बुधवारी रात्रीच मी पोहे निवडून ठेवते, आणि गुरुवारी चार वाजले की दोन कप आपोआप ट्रेमध्ये जातात. हे मला काल लक्षात आलं. एखाद्याची सवय झाल्यावर त्याचं काम निघणं फार वाईट.

तुमच्या खेळात असा पाहुणा आला तर शहराने काय करायचं असतं?

मंदाआत्या

*

पुणे, १९ ऑगस्ट २००२

प्रिय आत्या,

घाईत लिहितोय. खेळ पुढच्या महिन्यात द्यायचाय आणि इथे कुणी घरी जात नाही.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: शेवटी मुखियासमोर दोन बटणं येतात. एक, सरळ विचारा. दुसरं, वेस बंद करा. सरळ विचारलं तर पाहुणे 'सहजच' म्हणतात आणि गाडी परत तिथेच. म्हणून वेस बंद केलेली बरी, कारण मग ते काय करतात त्यावरून सगळं कळतं. ज्यांचं काम असतं ते परत येतात, भांडतात, आडून येतात. बघ, पुतण्या स्वतः येईल तुझ्याकडे. आणि यान निघूनच गेलं, तर शहर सुटलं. दोन्हीकडून आपलाच फायदा.

तर एकदा दार लावून बघच, आत्या. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला मी हे सांगितलं नसतं, पण तू या खेळाची मास्तरीण आहेस.

नील

*

रायपूर, १६ सप्टेंबर २००२

चि. नील,

दार लावलं.

गणपतीच्या आधीचा गुरुवार. देवीदासजी स्कूटरवर मागे बसून आले. चालवणारा दयारामच होता. तो फाटकाशी थांबला आणि मान वर करून घराकडे पाहत राहिला, पार गच्चीपर्यंत. माझं डोकं फिरलं. देवीदासजी पायरी चढत होते, हातात पिशवी. मी त्यांना बसा म्हटलं नाही.

मी म्हटलं, 'देवीदासजी, हे घर मले विकायचं नाही आन् भाड्यानं द्यायचं नाही. काही काम असन तं आताच सांगून टाका. नाहीतर दर गुरुवारी एवढ्या दुरून काहून त्रास घेता?'

ते एका पायरीवर तसेच उभे राहिले. दयारामकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, 'काम तं काही नव्हतं वहिनी.' मग, 'माफ करजा.' बूट पायातच होते, तरी वाकून नाडी सोडून बांधली. पिशवी पायरीवर ठेवली. 'सीताफळं हायेत. कच्ची हायेत आजून, तांदुळात ठेवजा.' आणि फाटकाबाहेर गेले. दयाराम काहीतरी विचारत होता, तोवर ते स्कूटरवर मागे बसलेही.

त्यानंतर आले नाहीत. पुतण्याही आला नाही. तुझ्या हिशेबाने शहर सुटलं. मी जिंकले म्हणायचं.

सीताफळं तांदळात पिकली. गोड निघाली. दोन खाल्ली, बाकी कुसुमच्या पोरांना दिली.

तुझं काम झालं का?

मंदाआत्या

*

पुणे, दिवाळी २००२

प्रिय आत्या,

दिवाळीचा नमस्कार. गणपतीनंतर तुझं एकही पत्र नाही. दोन लिहिली मी, मिळाली का? फराळाचा डबाही या वर्षी आला नाही, आई विचारत होती.

खेळ झाला आणि गेलाही. एका परदेशी कंपनीने घेतला. शेवट आम्ही तुझ्यावरूनच केला. मुखिया वेशीवर उभा राहतो, पाहुणा टोपली खाली ठेवतो, वळतो, आणि यान हळूहळू वर जातं. मागे शहरात दिवे लागतात. ज्यांना दाखवला त्या सगळ्यांना हा भाग फार आवडला. एक मुलगी रडली, का ते तिला सांगता आलं नाही.

मलाही हल्ली ते दृश्य बघवत नाही, पण ते थकव्यामुळे असेल.

देवीदासजी परत आले का? तब्येत बरी आहे ना तुझी?

नील

*

रायपूर, ९ जानेवारी २००३

चि. नील,

पत्रं मिळाली होती. लिहावंसं वाटत नव्हतं. आज लिहिते, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही.

परवा सदर बाजारात गेले होते, रजईला खोळ घ्यायला. दुकानात एक बाई माझ्याकडे पाहत होती. मग जवळ येऊन पाया पडली. 'आंटी जी, आप मंदाकिनी आंटी हैं न? मैं सोनिया, घाटे जी की बहू.' दुर्गची मुलगी आहे, हसरी. मला वाटलं, आता घराचं काढेल. तोंड घट्ट करून उभी राहिले.

ती म्हणाली, 'आंटी जी, आपकी तबीयत तो ठीक है? बाबूजी ने कहा था आपको तकलीफ़ होती है, इसलिए अब नहीं जाना.'

मी विचारलं, ते यायचे कशाला, हे तुला माहीत आहे का? तिला माझा प्रश्नच कळला नाही. म्हणाली, 'मराठी बोलने. और क्या.'

मग तिने सगळं सांगितलं, तिथेच कापडाच्या ढिगाशी उभं राहून, मधूनच दुकानदाराला भाव विचारत. अंजनाबाई होत्या तोवर घरात मराठी होती. त्या गेल्या आणि बंद झाली. मुलं, नातवंडं सगळ्यांना कळते, 'पर आंटी जी, मुँह से तो हिंदी ही निकलती है, क्या करें.' देवीदासजी मराठीत विचारतात, घर हिंदीत उत्तर देतं. सुरुवातीला रागवायचे, मग गप्प झाले. मग एका गुरुवारी आमच्याकडे येऊन गेले आणि रात्री दोन पोळ्या जास्त जेवले. तेव्हापासून गुरुवारी सकाळीच कुर्ता प्रेस करवून घ्यायचे. नातू विचारायचा, दादाजी कहाँ, तर म्हणायचे, मराठी बोलून येतो.

दयारामबद्दल मीच विचारलं. तर त्या दिवशी गुडघा फार दुखत होता, रिक्षा मिळेना, म्हणून याला म्हटलं सोड मला. बस, एवढंच. तो घराकडे पाहत होता, तर पाहू दे ना. त्याचा धंदाच आहे, तो देवळाकडेसुद्धा तसाच पाहत असेल.

घरी येऊन मी बसून राहिले. चष्मा खिशात का होता ते मला आत्ता कळतंय. वाचता येत होतं त्यांना. वाचून काय करायचं होतं, ऐकायचं होतं. 'मराठी हाय का कोनी' का विचारलं, ते कळतंय. वर कुणी मराठी राहायला आलं असतं तर त्यांना आणखी एक घर झालं असतं. आणि काकांच्या टेबलाजवळ का उभे होते, तर दोघं मिळून तिथे तासन्‌तास नागपूरच्या गोष्टी करायचे. मीच चहा नेऊन देत होते, नील. मला हे सगळं माहीत होतं.

माणूस ओळखण्यात माझा कुणी हात धरत नाही असं मी जन्मभर समजत आले. तुलाही तेच शिकवलं. शाळेत मी आयुष्यभर हिंदी शिकवली, घरी काका होते, आता कुसुम आहे, तुझी पत्रं आहेत. मराठी कधी तुटली नाही म्हणून तिची भूक काय असते ते मला दिसलं नाही. आणि खोटं कशाला बोलू, गुरुवारची वाट मीही पाहत होते.

आता जावं कसं, काय तोंडाने जावं, ते कळत नाही.

आत्या

*

पुणे, १८ जानेवारी २००३

प्रिय आत्या,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं नाही. घरी वाचलं, दोनदा.

आमच्याकडे भिंतीवर एक मोठा कागद चिकटवलेला होता, त्यावर यानातल्यांचे सगळे संभाव्य हेतू लिहिले होते. पाणी, जमीन, हेरगिरी, बदला, प्रयोग, गुलाम. महिनोन्‌महिने आम्ही त्यात भर घालत होतो. 'बोलायला आले' हे एकालाही सुचलं नाही. त्यांच्या ग्रहावर त्यांची भाषा बोलणारं कुणी उरलं नसेल, आणि खाली कुणीतरी नुसतं वाचून दाखवलं तरी पोट भरत असेल, हे इतकं साधं होतं, आणि आम्ही वेस बंद करून टाळ्या वाजवल्या.

चारुदत्तला सांगितलं, शेवट बदलू. तो म्हणाला, वेड्या, माल गेला. त्याचंही बरोबर आहे.

दार लाव, असं तुला मी लिहिलं. तुझं घर, तुझा पाहुणा, आणि मी इथे बसून बटणं सांगत होतो, कारण मला पुढचा भाग लिहायचा होता. तुझ्या पत्रातला माणूस मला खेळातला वाटायला लागला होता. मला माफ कर. आणि जूनमधलं पत्रही सहज नव्हतं, हे तू ओळखलं होतंस, तरी उत्तर दिलंस.

आत्या, तू जा त्यांच्याकडे. आपली ती पद्धत सोड, चहा आणि तब्येती आणि चपला. जाऊन उंबऱ्यावरच सांग, की मी चुकले. एवढंच सांग. ते ऐकतील.

हे पत्र कामाचं नाही. होळीला मी रायपूरला येतोय. तेही कामाशिवाय.

नील

*

रायपूर, ३१ जानेवारी २००३

चि. नीलला आशीर्वाद.

काल जाऊन आले. गुरुवार होता.

सकाळी सांबारवडी केली, कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली. अंजनाबाई अमरावतीच्या, त्यांच्याकडे हिवाळ्यात व्हायची हे मला माहीत होतं. नागपूरचा पेपर पिशवीत टाकला. रिक्षात सगळं घोकत गेले, तू सांगितलं तसं. उंबऱ्यावरच म्हणायचं, 'देवीदासजी, मी चुकले. मले वाटलं तुम्ही घरासाठी येऊन राहिले. येत जा.' शाळेतल्या पोरीसारखं पाठ केलं होतं.

पुरानी बस्तीत त्यांच्या दारापुढे रिक्षा जात नाही, देवळापासून चालत गेले. अंगणात खाटेवर उन्हात बसले होते. पांढरे झालेत फार. मला पाहून लगबगीने उठले, हात जोडले आणि म्हणाले, 'आइए बहनजी, आइए. सोनिया, देखो कौन आया है. कुर्सी लाओ.'

बहनजी. जन्मात कधी म्हटलं नव्हतं. काका असताना वहिनी, काका गेल्यावर वहिनी.

माझं पाठ केलेलं सगळं गेलं. मी खुर्चीवर बसले. म्हटलं, 'कसे आहात?' ते म्हणाले, 'बढ़िया हैं जी.' म्हटलं, 'गुडघा कसा आहे?' म्हणाले, 'अब उम्र हो गई, चलता है.' मी मराठीत विचारत राहिले आणि ते हिंदीत उत्तर देत राहिले. राग नव्हता रे त्यात. राग असता तर मी पाय धरले असते. मला त्रास होऊ नये म्हणून जपून बोलत होते, पाहुण्यांशी बोलतात तसं. मी जन्मभर हिंदी शिकवली, पण तिचं एकेक वाक्य इतकं जड कधी लागलं नव्हतं.

सांबारवडी सोनियाने ताटलीत आणली. त्यांनी एक तुकडा तोंडात घातला आणि जरा थांबले. मला वाटलं, आता म्हणतील काहीतरी. म्हणाले, 'बहुत अच्छी बनी है.' मी पिशवीतून पेपर काढला. म्हटलं, 'वाचू का थोडा?' तर खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावला आणि हात पुढे केला. 'रख दीजिए, मैं देख लूँगा.'

चहा झाला. तब्येती झाल्या. सोनिया नातवाला अभ्यासाला बसवत होती. मी उठले. म्हटलं, आता चपला घालताना सांगायचंच. उंबऱ्याशी येऊन उभी राहिले. ते मागे होते, भिंतीला धरून. माझ्या चपला साध्या आहेत, अंगठ्याच्या, त्यात पाय घालायला काय वेळ लागतो. पण मी एक पाय घातला, काढला, खाली वाकून पट्टा झटकला, परत घातला. तोंडापर्यंत शब्द आले होते. तेव्हा मला समजलं, ते नाडी का बांधत, सोडत बसायचे. त्यांना काही मागायचं नव्हतं. निघावंसंच वाटत नसायचं.

त्यांनी विचारलं, अगदी हळू, 'कोई काम था, बहनजी?'

मी म्हटलं, 'नाही, काम तं काही नव्हतं. सहजच आले होते.'

'अच्छा,' म्हणाले. 'आती रहिए.'

होळीला ये, वाट पाहते. फक्त गुरुवार सोडून ये, गुरुवारी मी घरी नसते.

मंदाआत्या